मोजणी

सकाळी सात ते दहा, मग दुपारी चार ते सात.
घडीची खुर्ची, थर्मास, हातात क्लिकर.
माणूस गेला की एकदा दाबायचं.
सायकल वेगळ्या रकान्यात. कुत्रा धरायचा नाही.
फेब्रुवारीतलं मेरीलँड, हातमोज्यातली बोटं
दुसऱ्या कुणाची वाटतात.

डावीकडे मेट्रोचं स्टेशन, त्याला खेटून
सहा मजल्यांच्या चार कोऱ्या इमारती.
त्यांच्या फलकावर: सगळं काही चालण्याच्या अंतरावर.
उजवीकडे मॉल.
मध्ये सहा पदरी रस्ता, मग चढ, मग तारेचं कुंपण,
मग पार्किंगचं माळरान,
जिथे दिव्यांच्या खांबांना अक्षरं दिली आहेत
कारण माणसं हरवतात.
सरळ गेलं तर पाच मिनिटं.
नियमाने गेलं तर अठ्ठावीस,
मी घड्याळ लावून चालून पाहिलं.

रस्ता ओलांडायला खांबावर बटण आहे.
दाबलं की बराच वेळ काहीच होत नाही.
मग पांढरा माणूस उजळतो
आणि आकडे उलटे पळू लागतात, बावीसपासून.
एनेइडा रात्रभर मॉलच्या फरश्या पुसून
गुडघा ओढत परत येते, तिला चाळीस लागतात.
म्हणून ती दुभाजकावर थांबते,
दोन्ही अंगांनी ट्रक,
आणि पिशवीतून मक्याची भाकरी काढून खाते
सावकाश, स्वतःच्या ओट्याशी उभी असल्यासारखी.
एक.

कुंपणाला भोक आहे.
कुणी कापलं ते कुणालाच ठाऊक नाही,
असं सगळे एकाच सुरात सांगतात.
सोमवारी मॉलचा गार्ड प्रॉक्टर ते तारेने शिवतो,
बुधवारी ते उसवलेलं असतं.
प्रॉक्टर स्वतः मेट्रोने येतो.
टोपी हातात घेऊन, वाकून,
त्याच भोकातून जाताना मी त्याला पाहिलं.
एक.

भोकापासून खाली उतरते ती वाट
नकाशात नाही. दोन वितींची रुंदी,
काळी घट्ट माती, कडेला करडं गवत.
कुणी आखली नाही, गवतच हरलं.
तिच्यावरून निळ्या गणवेशातल्या दोन नर्सेस,
बाबागाडी डोक्यावर घेतलेला एक बाप,
बाळ आईच्या काखेत, झोपलेलं
(बाळ धरायचं की नाही, फोन करून विचारलं. धरायचं.)
काउंटीचे लोक म्हणतात, इथले रहिवासी
उगाच वाट वाकडी करतात.
मला तर इथे एवढी एकच सरळ दिसते.

गुरुवारी बर्फ.
सफाईच्या गाडीने रस्ता आरशासारखा केला
आणि सगळा ढीग फुटपाथच्या उतरंडीवर ढकलला,
तिथे काही नव्हतंच जणू.
मिस्टर लॅथ्रप, तिसरी इमारत, बॅटरीची खुर्ची,
मांडीवर बदलून आणायचे बूट, पावतीसकट.
ढिगापाशी आले. थांबले.
ढिगाकडे नाही, बराच वेळ मॉलकडे पाहत राहिले.
वळले.
माझा अंगठा क्लिकरवर.
गेले नाहीत म्हणजे मोजायचे नाहीत, सूचनांचं पान चार.
फॉर्मवर जाणारे आहेत, येणारे आहेत,
परत फिरलेल्यांना रकाना नाही.
"मला धरलंस का?" त्यांनी विचारलं.
धरलं, मी म्हटलं.
मग खोटं ठरू नये म्हणून दाबलं.

शेवटच्या संध्याकाळी आकडा सहाशे बारा.
माझी गाडी मॉलच्या पार्किंगमध्ये, खांब जे-नऊ.
हे वर सांगायचं राहिलं:
पायी चालणारे मोजायला आम्ही गाडीने येतो.
खुर्ची काखेत मारली, बावीस सेकंदांत धावले,
चढ चढले. भोकापाशी पलीकडून एक पोरगा,
बुटांच्या दुकानाचा बिल्ला, टेवोड्रोस,
तार वाकवून उभा,
पाहुण्यासाठी दार धरावं तसा.
मी आडवी होऊन शिरले. जॅकेट अडकलं, फाटलं.
खिशात क्लिकर दोनदा वाजला.

आकडा चुकला.
तसाच भरला.